बंदुकीवरचा पुसट झालेला क्रमांक पुन्हा ठोकून घेता येईल का?

प्रश्न (शेतकरी, औसा तालुका):
वडिलांच्या नावे पीकसंरक्षणासाठी परवाना असलेली एकनळी बारा बोअरची बंदूक आमच्या घरी आहे. मागील विधानसभा निवडणुकीच्या वेळी ती पोलीस ठाण्यात जमा केली असता, नळीवरील क्रमांकाचे शेवटचे दोन अंक वाचता येत नाहीत, असे हवालदारांनी तोंडी सांगितले. पावतीवर मात्र परवान्यातील पूर्ण क्रमांक लिहून दिला. वडील ७६ वर्षांचे असून परवाना आता माझ्या नावे करावयाचा आहे. परवान्यातलेच अंक ठशाने पुन्हा ठोकून देतो, असे गावातील लोहार म्हणतो. क्रमांक आमचाच असल्यामुळे यात काही गैर आहे का?

उत्तर (वकील, नांदेड):
लोहाराला आजच नकार कळवावा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ चे पहिले पोटकलम बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, काढणे, बदलणे आणि बनावट करणे या चारही गोष्टींना मनाई करते, आणि त्यात ‘वाईट हेतूने’ असे शब्द कोठेही नाहीत. मूळचेच अंक ठोकले तर तो बदल कसा, हा युक्तिवाद करता येईल, परंतु तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून करावा लागेल.

खरी गोम तिसऱ्या पोटकलमात आहे. ज्याच्या ताब्यातील बंदुकीवर असे चिन्ह नाही किंवा ते पुसलेले आहे, त्यानेच ते पुसले असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. म्हणजे एरवी सरकार पक्षावर असलेला भार येथे ताबेदारावर येतो. तुमच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा ती नळीच आहे. अंक ठोकताना त्याखालचा धातूही दाबला जातो, त्यामुळे वरचा थर झिजला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रासायनिक प्रक्रियेने मूळ अंक पुष्कळदा दिसू शकतात. लोहाराचा ठसा नेमका त्याच जागेवर बसून हा पुरावा नष्ट करील.

लोहाराचाही विचार करावा. कलम ५ प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो आणि त्या कलमाच्या भंगासाठी २०१९ च्या सुधारणेनंतर किमान ७ वर्षे कारावासापासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

उत्तर (निवृत्त अव्वल कारकून, परभणी):
वकीलसाहेबांशी सहमत आहे. वडिलांच्या सहीने जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, त्यासोबत खरेदीचे बिल आणि प्रत्येक निवडणुकीतील जमा-पावतीची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. आपल्याकडे निजामकाळापासूनच्या बंदुका असणारी घरे आहेत. १९६२ मध्ये अधिनियम अमलात आला तेव्हा चिन्हच नसलेल्या बंदुकीच्या ताबेदारांना या गृहीतकातून एक वर्षाची मोकळीक होती. ती केव्हाच संपली, तरी ‘आजोबांची आहे’ एवढे सांगितले की भागते असा समज अजून आहे.

परवाना वारसाच्या नावे होण्यासाठी वडिलांच्या पश्चात थांबण्याची गरज नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाचे वय ७० झाल्यास किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यास तशी तरतूद आहे. तोवर बंदूक घेऊन तुम्ही एकट्याने कोठेही जाऊ नये. दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी न्यावयाची झाल्यास वडील सोबत असावेत, नाहीतर त्यांचे लेखी अधिकारपत्र जवळ असावे.

उत्तर (परवानाधारक, जालना):
आमच्या दुनळीचा क्रमांक गंजाने नव्हे, पॉलिशने गेला. परवाना असलेल्या दुकानातच नळीला काळा मुलामा देण्यास दिली होती, आणि परत आली तेव्हा क्रमांकावरून चाक फिरलेले होते. “थोडासाच गेला आहे,” हे दुकानदाराचे उत्तर. देण्यापूर्वी क्रमांकाचे छायाचित्र काढले असते तर पुढचे दीड वर्ष वाचले असते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. लोहाराला नकार कळवला आहे आणि बिलही सापडले. अर्जात ‘गंजामुळे अंक गेले’ असे कारण लिहावे का?

उत्तर (निवृत्त अव्वल कारकून, परभणी):
लिहू नये. कोणते अंक दिसतात, कोणते दिसत नाहीत आणि ही बाब प्रथम केव्हा लक्षात आली, एवढेच लिहावे. अंक कशाने गेले हे तज्ज्ञ ठरवतील. तुम्ही लिहिलेले कारण चुकीचे निघाले तर तोच कागद तुमच्याविरुद्ध वाचला जाईल.