व्हिएन्नात संगीतवारसा पायी बघायचा, तर गाइड घ्यावा का?

सूरभटक्या: मोझार्ट-बीथोवनच्या घरांची गाइडसोबत पायी सहल घेऊ, की नकाशा घेऊन आपणच हिंडू? सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात. पाश्चात्त्य संगीतातलं आम्हा दोघांना ओ की ठो कळत नाही.

तंबोरा: मग गाइड घ्याच. डोमगासे या गल्लीतलं ५ नंबरचं घर बाहेरून अगदी साधं. मोझार्ट तिथे १७८४ ते १७८७ राहिला, 'फिगारो' हा ऑपेरा तिथेच लिहिला, हे कुणी सांगितल्यावर माणूस थबकतो. शेजारीच सेंट स्टीफन कॅथेड्रल. लहानपणी संगीतकार हायडन तिथे गायचा, १७८२ मध्ये मोझार्टचं लग्नही तिथलंच. बीथोवनचं पास्क्वालाटी घर मात्र आईंना बाहेरूनच दाखवा. चौथा मजला, लिफ्ट नाही. (घरं बदलण्यात त्या गृहस्थाचा हात धरणारा कुणी नसेल!)

रिकामटेकडी: गटात किती माणसं ते आधी विचारा. मागे राहिलात तर काही ऐकू येत नाही, आणि गुडघेवाले मागेच राहतात. मध्यवर्ती दफनभूमीला ७१ नंबरची ट्रॅम जाते. बीथोवन, शूबर्ट, ब्राम्स या संगीतकारांच्या कबरी तिथे एकमेकींजवळ आहेत. मोझार्टचं तिथे नुसतं स्मारक, त्याला पुरलं सेंट मार्क्सच्या दफनभूमीत.

सूरभटक्या: छान! संध्याकाळी ऑपेरात उभ्याची स्वस्त तिकिटं काढू का?

तंबोरा: आईंना घेऊन? अहो, बसायची काढा.