मालागाच्या किनाऱ्यावर सहा तारल्या साडेचार युरोला : लूट की नाही?

दर्यावर्दी :
काल इथे एकाने लिहिलं की स्पेनमधल्या मालागाचे बीच बार, म्हणजे तिकडचे चिरिंगीतो, शुद्ध लूट आहेत, सहा तारल्यांचे, म्हणजे सार्डिन माशांचे, साडेचार युरो घेतात, वर धूर डोळ्यात जातो, त्यापेक्षा गोव्यातला कुठलाही शॅक बरा. रात्रभर डोक्यात होतं म्हणून उत्तर लिहितोय, लांबलं तर लांबलं.

पहिलं म्हणजे तुम्ही बसलात कुठे तर मालागेताला, बंदराला लागून, जिथे क्रूझवरून उतरलेली गर्दी येते. तिथून ११ नंबरची बस धरून पूर्वेला पेद्रेगालेखो नाहीतर एल पालोला गेला असतात तर हे लिहिलंच नसतं. एल पालो ही मूळची कोळ्यांची वस्ती. बुटकी घरं, पुढे फरसबंद वाट, लगेच वाळू आणि वाळूत एक जुनी होडी, तीही काठोकाठ वाळूने भरलेली. त्यात ऑलिव्हच्या लाकडाचा विस्तव. बोरूच्या चिरलेल्या काडीत सहा तारल्या ओवतात, काडी मधल्या काट्याच्या खालून घालतात म्हणजे मासा भाजून मऊ झाला तरी तुटून खाली पडत नाही. वर फक्त जाडं मीठ. याला एस्पेतो म्हणतात. काड्या विस्तवावर आडव्या टाकत नाहीत, शेजारी वाळूत तिरप्या रोवतात. मी अर्धा तास त्या भाजणाऱ्या माणसाजवळ उभा होतो, वारा जरा फिरला की तो सगळ्या काड्या उपटून दुसऱ्या अंगाला लावायचा, घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही त्याने, नुसता कातडीचा रंग बघत होता. याचे साडेचार युरो मला जास्त वाटत नाहीत.

दुसरं, तुम्ही गेलात फेब्रुवारीत. तिथे पोरंसोरंही सांगतात की ज्या महिन्याच्या स्पॅनिश नावात र नाही तो तारलीचा महिना, मे ते ऑगस्ट. तेव्हा अंगाला तेल असतं. आंबा डिसेंबरात खाऊन तो आंबट आहे म्हणण्यासारखं झालं हे.

सरळसोट :
कालची पोस्ट माझी. आंब्याचं उदाहरण ठीक आहे पण मग फेब्रुवारीत विकतात कशाला? आम्ही गेलो तेव्हा बरोबर आईबाबा होते, बाबा ७१ वर्षांचे, सव्वाबाराला भूक लागली तर किचन उघडायला एक तास, उन्हात बसून राहिलो. मग टेबल मिळालं, न मागता ब्रेड आला, त्याचे पैसे बिलात लावले. पाण्याची बाटली अडीच युरो. सुट्टीवर गेलं म्हणून हिशोब करायचाच नाही का? गोव्यात शॅकवाला स्वतःहून विचारतो काका काय देऊ, इथे वेटर तोंडाकडे बघत नाही. भाजणाऱ्याची कला वगैरे ऐकून पोट भरत नाही.

मुक्काम_मालागा :
इथे चार वर्षं राहतोय, आयटीत आहे. पाण्याचं सांगतो, २०२२ च्या कायद्याने स्पेनमधल्या प्रत्येक हॉटेल-बारला नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, "आग्वा देल ग्रिफो" म्हणून मागायचं, आपण मागत नाही म्हणून बाटली येते. मालागाच्या नळाचं पाणी चवीला चांगलं नाही हेही खरं, इथले लोकसुद्धा घरी बाटल्याच आणतात. ब्रेड नको असेल तर आल्या आल्या परत पाठवायचा. आणि सव्वाबाराला जेवण इथे कुणी मागतच नाही हो, दोन-अडीचला सुरू होतं ते साडेपाचपर्यंत चालतं. रविवारी बघा, एका टेबलावर पणजीपासून तान्ह्या पोरापर्यंत बारा माणसं. तुम्हाला उठा म्हणायला कुणी येत नाही, हीच तर मजा आहे, वेटर तोंडाकडे बघत नाही हा तुमच्या लेखी अपमान, आमच्या लेखी सुख.

पण दर्यावर्दी, तुमचं सगळं गोड गोड चित्रही पटलं नाही. त्या बुटक्या घरांतली कितीतरी घरं आता टुरिस्टांना दिवसावर भाड्याने जातात. माझं स्वतःचं भाडं दोनदा वाढलं, दुसऱ्यांदा तर घरच सोडावं लागलं. जून २०२४ मध्ये शहरात हजारो लोक याच कारणासाठी रस्त्यावर उतरले होते, मीही गेलो होतो. तारल्या भाजणाऱ्याची पुढची पिढी एल पालोत राहू शकणार आहे का, हे विचारा कधीतरी.

कांदेपोहे :
शाकाहारी माणसाने काय करायचं यावर कुणीच बोलत नाही, नेहमीप्रमाणे. मी सांगते. वांग्याचे तळलेले काप आणि त्यावर चक्क काकवी, बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या. नाव मधाचं पण असते उसाची काकवी. मी दोन प्लेट खाल्ल्या. आखोब्लांको म्हणून बदाम-लसणाचं गार सूप मिळतं, वर द्राक्षं, तेही छान. साल्मोरेखो मागवताना सांभाळा, टोमॅटोचं म्हणून घ्याल आणि वर हॅमचा चुरा असेल. आणि वांगी मासे तळलेल्याच तेलात तळतात का ते विचारा, मला एका ठिकाणी हो म्हणाले, उठून आले.

सरळसोट :
काकवीचं माहीत नव्हतं, आईला आवडलं असतं, ती त्या दिवशी ब्रेडवरच राहिली. पण मूळ मुद्दा तोच. तारली हा काय मासा आहे? आमच्याकडे माडाला खत म्हणून घालतात. त्याला साडेचार युरो?

रापणकर :
इतका वेळ गप्प होतो. खत कुणाला म्हणता? जास्त आल्या, गिऱ्हाईक नाही, बर्फ नाही, तेव्हा माडाच्या मुळात जायच्या, टाकून देण्यापेक्षा बरं म्हणून. त्याने मासा हलका होत नाही. त्रिफळं घालून केलेलं तारलीचं तिखलं तुम्ही खाल्लेलं दिसत नाही. आमच्या घरात पापलेट विकायला आणि तारली खायला, त्यावर आम्ही चार भावंडं वाढलो. आता ती तरी कुठे मिळते? माझे वडील रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचे, पन्नास माणसं दोरीला, जो हात लावेल त्याला वाटा. पर्ससीनवाले, म्हणजे गोल जाळ्याने अख्खा थवा उचलणारे बोटवाले आले, लाईट लावून रात्री मारणारे आले आणि आमच्या जाळ्यात जेलीफिश यायला लागले. तुम्ही स्पेनमध्ये बसून साडेचार युरोचा हिशोब करा, आम्ही इथे खाडीच्या तोंडाशी रिकामं जाळं झटकतोय. या विषयावर कधी धागा निघत नाही.

सरळसोट :
धागा मालागाच्या बारचा आहे, पर्ससीनचा नाही. आणि आवाज चढवू नका. मी अलिबागचाच आहे.

रापणकर :
अलिबागचे असून खत म्हणालात म्हणूनच चढला.

दर्यावर्दी :
विषय सुटलेला नाही, हाच विषय आहे. एल पालोच्या कोळ्यांना मारेंगो म्हणायचे आणि त्यांचंही रापणीसारखंच जाळं होतं, कोपो, किनाऱ्यावरून दोन्हीकडून माणसं ओढायची. बारीक पिल्लं मरतात म्हणून सरकारने ते बंद केलं. तारली त्यांचंही गरिबाचंच खाणं होतं, किनाऱ्यावर भाजून तिथेच खायची. ते बारमध्ये आणलं एल पालोच्या मिगेल मार्तीनेझने, १८८२ च्या सुमारास, असं तिथे सांगतात. डिसेंबर १८८४ च्या भूकंपानंतर राजा बारावा आल्फोन्सो पाहणीला आला, त्याच्यापुढे एस्पेतो ठेवला. राजाने काटा-सुरी उचलली तर हा म्हणाला, असं नाही महाराज, बोटांनी.

सरळसोट :
बोटांनी?

मुक्काम_मालागा :
बोटांनीच. शेपटी आणि डोकं धरायचं, एका बाजूचं मांस दातांनी ओढायचं, उलटायचं, दुसरी बाजू. कुठल्याही टेबलावर बघा.

सरळसोट :
हे मला तिथे कुणी सांगितलं नाही. बाबांनी हात पुढे केला होता, मीच म्हणालो, बाबा इथे काटा-चमच्याने. जन्मभर तारली हाताने खाल्लेला माणूस, त्याने काट्याने टोकरून टोकरून अर्धा मासा ताटात सोडला आणि पोट भरलं म्हणाला. बिल बघून मला जो राग आला त्यात बराचसा हाच राग असणार. बरं, भाजणाऱ्याबद्दलचं मागे घेतो. ब्रेडबद्दलचं घेत नाही, आणि साडेचार युरो फेब्रुवारीच्या कोरड्या मासळीला जास्तच होते.

कांदेपोहे :
ब्रेडबद्दल मी तुमच्या बाजूने आहे.

मुक्काम_मालागा :
फेब्रुवारीचं मान्य. मालागेताला माझ्याकडूनही जास्तच घेतात.

सरळसोट :
रापणकर, खताचा शब्द चुकला. तुमच्याकडे चांगली तारली कधी असते? बाबांना पुन्हा विमानात बसवणं आता जमायचं नाही, तिकडे गाडीने आणता येईल.

रापणकर :
गणपती झाले की लगेच येऊ नका, तेव्हा बारीक असतात. दिवाळीच्या मागेपुढे या, अंगाला तेल सुटलेलं असतं. मिळाल्या तर निखाऱ्यावरच भाजू. मिळतील असं छातीठोक नाही सांगत, गेल्या वर्षी आठवडाभर एकही लागली नव्हती.