सोसायटीच्या ग्रुपवरील संदेशांची गर्दी आणि त्यात हरवलेली सूचना

रात्रपाळी:
नमस्कार. मी पुण्यात परिचारिका असून महिन्यातील निम्मे दिवस रात्रपाळी करते. सकाळी घरी येऊन डोळा लागतो न लागतो, तोच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभातची फुले, सुविचार आणि कुणाचा वाढदिवस असल्यास प्रत्येक घरातून स्वतंत्र शुभेच्छा सुरू होतात. अखेर मी ग्रुप कायमचा म्यूट केला. परंतु गुरुवारी पाणी बंद राहणार असल्याची सूचना त्याच गर्दीत येऊन गेली आणि घरात सासूबाई आजारी असताना पिंप भरायचे राहिले. ग्रुप सोडला तर शेजाऱ्यांना तो अपमान वाटेल. कुणालाही न दुखावता हे कसे सांगावे?

माजी सचिव:
ताई, चूक तुमची नाही. सूचनांसाठी वेगळा ग्रुप करून त्यात केवळ अ‍ॅडमिननाच लिहिता येईल अशी सोय करावी. ती २०१८ पासून उपलब्ध आहे. आम्ही तसे केले तेव्हा काहींना आपले तोंड बंद केल्यासारखे वाटले, म्हणून गप्पांचा जुना ग्रुप तसाच राहू दिला. शिवाय वार, वेळ आणि इमारत हे सारे एकाच संदेशात लिहावे, कारण तुकड्यातुकड्याने लिहिल्यास प्रत्येक तुकड्यागणिक सर्वांचे फोन वाजतात.

निवृत्त शिक्षक:
माझी एक विनंती आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा असून एकटा राहतो, आणि माझा सकाळचा संदेश आठपर्यंत दिसला नाही तर वरच्या मजल्यावरील शेजारी येऊन बेल वाजवतात. म्हणून कुणाला ग्रुपवर सर्वांदेखत टोकू नये, घरी जाऊन सांगावे. शुभेच्छांना उत्तर मात्र संदेशाने न देता त्याच संदेशावर अंगठ्याची खूण करून द्यावी. तिची सूचना फक्त मूळ संदेश लिहिणाऱ्याला जाते.

रात्रपाळी:
काका, बेलचे वाचून थांबले. आमच्याकडे फुलांची चित्रे बहुधा तळमजल्यावरच्या आजी पाठवतात आणि त्याही एकट्याच असतात, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. सचिवांकडे वेगळ्या ग्रुपचा आग्रह धरतेच, पण त्याआधी आजींना माझा नंबर देऊन येते, म्हणजे त्या सकाळचा संदेश थेट मला पाठवतील.