प्रतिसाद : चालकांचे गणवेश

‘लंडनच्या बसचालकांना कंडक्टरांपेक्षा हृदयविकार अधिक होई, म्हणजे बसून राहणे हेच कारण’ हा निष्कर्ष थोडा घाईचा वाटतो. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांचे १९५३ सालचे हे निरीक्षण खरेच आहे. दुमजली बसमध्ये तिकिटे फाडत दिवसभरात पाचशेहून अधिक पायऱ्या चढणारा कंडक्टर आणि चाकामागे बसलेला चालक अशी तुलना सहजासहजी सापडत नाही. पण मुळात जाडजूड माणसेच चालकाच्या जागेकडे वळत असतील तर?

ही शंका मॉरिस यांनी स्वतःच तपासली, आणि तीही गणवेशांच्या नोंदींवरून! शिंप्याच्या मापांत चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर अगदी तरुण वयातही कंडक्टरांपेक्षा मोठा निघाला; १९५६ साली त्यांनी ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. म्हणजे फरक काही अंशी नोकरीआधीचाच असू शकतो. तरीही सडपातळ असो, मध्यम असो वा पोट सुटलेला असो, कंडक्टरला हृदयविकाराचा धोका कमीच आढळला, त्यामुळे केवळ घेरावर सारे ढकलता येत नाही. शिवाय गर्दीत बस हाकण्याचा ताण बसण्यापासून वेगळा काढणे या आकडेवारीत अवघडच आहे.