मदत हवी आहे : लेकीची पाळी अनियमित, सांगली-मिरजेत डॉक्टर सुचवा

मैत्रिणींनो, लेक 13 वर्षांची. पाळी गेल्या दिवाळीत सुरू झाली. कधी दीड महिना येत नाही, आली की खूप जातं, चेहरा पांढराफटक पडतो.

सुरुवातीची एक-दोन वर्षं मेंदू आणि बीजांडकोशाचा मेळ बसलेला नसतो, हे वाचलंय. इस्ट्रोजेन (गर्भाशयाचं अस्तर वाढवणारं हार्मोन) बनतं, पण बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन (ती वाढ आवरणारं हार्मोन) पुरेसं बनत नाही. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि मग रक्तस्राव जास्त होतो. या वयात 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं, 90 दिवस उलटले तर तपासणी हवीच.

शेजारच्या काकू गोळ्या सुरू कर म्हणतात. तपासल्याशिवाय मी देणार नाही.

विश्रामबाग किंवा मिरजेकडे मुलीशी स्वतः नीट बोलणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई माहीत आहेत का? हिमोग्लोबिन, थायरॉइड आधीच करून न्यावं का?