दोन पिल्लं एकदम? माझं मत एकालाच

कुत्रीच्या एकाच विणीतली दोन पिल्लं आणली तर दिवसभर एकमेकांना सोबत होईल, असं तुम्ही म्हणता. सोबत होते, खरंय. पण मग ती एकमेकांचीच होऊन बसतात. आमच्या यावलजवळच्या मळ्यात आम्ही दोन भाऊ एकदम आणले होते. एकाला दवाखान्यात नेलं की दुसरा घरी रडून जीव काढायचा. हाक मारली की आधी भावाकडे बघणार, मग माझ्याकडे. साधं 'बस' शिकवायलाही दोघांना वेगवेगळं न्यावं लागे, आणि केळीच्या कापणीच्या दिवसांत तेवढा वेळ कुठून आणायचा?

साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात पिल्लाला माणसं, ट्रॅक्टर, बैल, अनोळखी आवाज यांची सवय लागते. तेव्हा भावाच्या आड लपायची सवय लागली, तर एकटं पडल्यावर ते मोठेपणीही बिचकतं.

शिवाय पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा संसर्गजन्य आजार. एकाला झाला की लसीचे डोस पूर्ण न झालेलं दुसरंही धोक्यात. हे डोस 6-8 आठवड्यांपासून सुरू होऊन 16 आठवड्यांपर्यंत चालतात, आणि खर्च दोघांचा.

म्हणून आत्ता एक आणा, ते शहाणं झालं की वर्षा-दीड वर्षानं दुसरं. दोन्ही ठरलीच असतील तर झोपणं, जेवणं, फिरणं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. नर-मादी असतील तर नसबंदीचं डॉक्टरांना आधीच विचारा, सख्खी भावंडं असली तरी पिल्लं होतात. आणि आठ आठवडे पुरे होण्याआधी आईपासून तोडू नका.