‘ध्रुवीकरण’ला आपल्याकडं काय म्हणतात?

नवाअभ्यासक: राज्यशास्त्रात नुकतीच पीएचडी झाली. कर्नाटकातल्या खानापूर-निपाणी या मराठी सीमाभागात प्रश्नावली घेऊन फिरायलोय. मतं किती लांब गेली यापेक्षा समोरच्या पक्षाचा किती राग येतो, ते मोजायचंय. अमेरिकेत त्याला भावनांचा थर्मामीटर लावतात: शून्य म्हणजे थंड, शंभर म्हणजे ऊबदार. इथं एका आजोबांनी नावडत्या पक्षाला नव्वद दिले. “नाव काढलं की डोकं तापतंय, मग गरमच की!” आता ‘वॉर्म’ला काय लिहू?

निपाणीकर: आजोबांचं काय चुकलं? आपली माया गार असते. जीव गार होतो, काळजाला थंडावा मिळतो. ऊब गोधडीत. पट्टी उलटी करा. आणि ‘ध्रुवीकरण’ विचारू नका, ‘गावात तट पडलेत काय’ विचारा.

शुद्धलेखणी: थर्मामीटर कशाला? तापमापक आहे ना.

शहापूरची: तापमापक म्हटलं की आमच्या गल्लीतल्या बायका कपाळ पुढं करतील.

खानापूरकर: तट नव्हं, दुफळी. दोन फळ्या, म्हणून दुफळी. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणारी आपली महाराष्ट्र एकीकरण समितीच बघा: २०१३ ला समितीचे दोन आमदार, २०१८ ला शून्य. दोन गट एकमेकांसमोर उभे. त्याला ध्रुवीकरण म्हणाल? एकाच घरातलं फुटलं की दुफळी. ध्रुव कधी एका घरात होते?

शुद्धलेखणी: तट म्हणजे किनारा, म्हणून काठावर उभा तो तटस्थ. दोन तट पडले, तर तटस्थाने उभं कुठे राहायचं?

निपाणीकर: पाण्यात. आमचा थोरला समितीचा, धाकटा राष्ट्रीय पक्षाचा. मी तटस्थ. दिवाळीच्या फराळाला दोघांच्याही शिव्या खातो, चकली मिळेल तेव्हा मिळेल.

शहापूरची: शेजारच्या कन्नड बाईंना विचारलं. त्याही ‘ध्रुवीकरण’च म्हणतात. एवढ्यापुरतं तरी एकीकरण झालं म्हणायचं!

शुद्धलेखणी: संस्कृत शब्द आहे तो. दोघांनीही उसना घेतलेला.

खानापूरकर: उसना कसला, वडिलोपार्जित! वाटणीत दोघांना मिळाला.

नवाअभ्यासक: ‘वॉर्म’चं काय ठरलं? ‘आपुलकी’ चालेल? शिवाय मुलांचं लग्न त्या पक्षाच्या घरात कराल काय, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत १९६० च्या सुमारास विचारला होता.

शहापूरची: इथं आधी ‘घर कुणाचं’ म्हणून जात विचारतील. पक्ष मागनं.

खानापूरकर: ते राहू दे. प्रश्नावलीवर बेळगाव छापलंयस की बेळगावी?

शुद्धलेखणी: २०१४ पासून सरकारी कागदावर—

खानापूरकर: सरकारी कागद विचारला नाही.